एक नाव, एक तारीख

आमच्या शाळेची सहल एक वर्षाआड अजिंठ्याला जाते. त्यात कलेचे प्रेम किती आणि एस.टी.चे भाडे किती, हे सांगणे कठीण. जळगावहून लेणी साठ किलोमीटरवर. सकाळी डबे बांधून निघायचे आणि मगरिबच्या अजानीआधी पोरी आपापल्या दारात. उर्दू माध्यमाच्या मुलींची सहल काढायची तर हा दुसरा मुद्दाच खरा. पालकांची सही त्याच्यावर मिळते.

हे 'आम्ही' म्हणजे एकच बाई आहे, हे आधीच सांगून टाकतो. बी.एड. झालेली, तिशी ओलांडलेली, इतिहास आणि उर्दू शिकवणारी. नानी स्वतःला 'हम' म्हणायची. तिच्याकडून ही सवय लागली आणि मराठीत लिहायला बसलो की तीच पुढे येऊन बसते. शेजारच्या बाई म्हणतात, तुम्ही तर संस्थानिकासारखे बोलता. संस्थान म्हणायचे तर दोन खोल्या आणि एक लोखंडी पेटी. त्या पेटीत एक कादंबरी पडून आहे. तिच्याविषयीच सांगायचे आहे.

नानी अजिंठा गावची. लेणी खाली दरीत, वाघूर नदीच्या काठी. गाव घाट चढून वर. पूर्वी घाट उतरला की इंग्रजांचे खानदेश लागायचे आणि चढला की निजामाचे राज्य. नानीचे वडील निजाम सरकारच्या काळात लेण्यांवर मजुरीला होते. त्यांचे काम ऐकून आमच्या वर्गातल्या मुली अजून हसतात. ते उन्हात आरसा धरून उभे राहायचे. बाहेरचे ऊन आरशावर घ्यायचे आणि लेण्यातल्या अंधारात भिंतीवर फेकायचे, म्हणजे बघायला आलेल्या पाहुण्यांना चित्र दिसायचे. ऊन सरकेल तसे यांनी सरकायचे. नानी दुपारी त्यांची भाकर घेऊन जायची आणि दारातच उभी राहायची. आत गेली नाही. "अब्बा उजाला अंदर डालते थे, हम बाहर खडे रहते थे," एवढेच ती सांगायची. त्यात तक्रार नव्हती.

गावात पोलीस ठाण्याच्या बाजूला एक कबर आहे. नानीच्या लहानपणी पोरे तिला 'गोरे साहब वाली की कबर' म्हणत. दगडावर इंग्रजीत लिहिलेले. त्यातले दोनच शब्द गावाला ठाऊक होते, एक नाव आणि एक तारीख. नाव पारो. तारीख २३ मे १८५६.

गोरा साहेब म्हणजे रॉबर्ट गिल. मद्रासच्या फौजेतला अधिकारी. १८१९ साली जॉन स्मिथ नावाच्या दुसऱ्या एका मद्रासी फौजेच्या अधिकाऱ्याला शिकारीच्या निमित्ताने ही लेणी दिसली (दहाव्या लेण्यात त्याने खांबावर आपले नाव खरडून ठेवले आहे, सहलीला येणाऱ्या पोरांना आम्ही कोणत्या तोंडाने रागवावे?), आणि त्यानंतर विलायतेत या चित्रांची चर्चा सुरू झाली. रॉयल एशियाटिक सोसायटीने कंपनी सरकारकडे आग्रह धरला, की ही चित्रे झडून जाण्याआधी त्यांच्या नकला करून घ्या. १८४४ साली ते काम गिलकडे आले. तो अजिंठा गावातल्या बारादरीत राहिला. मोठमोठ्या कापडांवर तैलरंगात त्याने भिंतीच्या भिंती उतरवून घेतल्या. वटवाघळे, मधमाश्या, हिवताप आणि अंधार. वर्षामागून वर्षे गेली. इंग्रज बायको होती, मुले होती. ती इथे त्याच्यासोबत नव्हती. पारो होती.

नकला विलायतेला गेल्या. लंडनजवळ सिडनहॅमला काचेचा एक प्रचंड महाल होता, क्रिस्टल पॅलेस, तिथे त्या लोकांना पाहायला लावल्या. १८६६ च्या डिसेंबरात त्या महालाला आग लागली आणि गिलच्या जवळजवळ सगळ्या आयुष्याचे काम एका रात्रीत जळाले. मोजकी चित्रे वाचली. गिल इथेच राहिला. फोटो काढू लागला, लेण्यांचे त्याचे फोटो १८६४ सालीच पुस्तकात छापून आले होते. १८७९ साली तो वारला. त्याची कबर भुसावळला आहे, जुन्या युरोपियन कबरस्तानात. म्हणजे ती घाटावर आणि हा रेल्वेच्या गावात.

ही गोष्ट मराठीत घराघरांत पोचली ती ना. धों. महानोरांमुळे. अजिंठ्याच्या डोंगराखालचे पळसखेडे त्यांचे गाव. त्यांनी 'अजिंठा' नावाचे दीर्घकाव्य लिहिले आणि नितीन देसाईंनी त्यावर २०१२ साली सिनेमा काढला. आम्ही तो जळगावला पाहिला, नव्या नोकरीच्या पहिल्या पगारातून. पडद्यावर पारो नाचत होती, गात होती, साहेबावर जीव टाकत होती. बाजूच्या खुर्चीवर नानी. मध्यंतरात तिने एकच विचारले, "इत्ते अच्छे कपडे कायकू पहनाए उसको?" (पुढे २०२३ च्या ऑगस्टमध्ये, आधी देसाई आणि दुसऱ्याच दिवशी महानोर गेले. पेपरात दोन्ही बातम्या लागोपाठ वाचताना आम्हाला नानीचा तो प्रश्न आठवला आणि उगाच अपराधी वाटले.)

सिनेमा पाहून आलो आणि कादंबरी लिहायला बसलो. मराठीत. उर्दूत का नाही, असे शाळेत विचारले गेले. गोष्ट या मातीची आहे, ती या मातीच्या भाषेत यावी, असे उत्तर आम्ही तोऱ्यात दिले. खरे कारण दुसरे होते आणि ते २००१ सालचे होते.

त्या वर्षी मार्च महिन्यात तालिबानने बामियानच्या बुद्धमूर्ती सुरुंग लावून उडवल्या. आम्ही तेव्हा धुळ्यात आठवीत होतो. बामियान कुठे आहे हे आम्हाला नकाशात सापडले नव्हते. पुढच्या हिवाळ्यात नववीची सहल अजिंठ्याला आली. पहिल्या लेण्याबाहेर ओळीत उभे होतो, डोक्यावर पांढऱ्या ओढण्या. मागून एक गृहस्थ आपल्या बायकोला म्हणाले, "यांच्यावर लक्ष ठेवा, हात लावतील कुठे." हळूच म्हणाले, वाईट माणूस नसावा, दिसत तरी नव्हता. आमच्या बाईंनी ऐकले नाही असे दाखवले. आम्ही मात्र आत गेल्यावर दोन्ही हात पाठीमागे बांधून चित्रे पाहिली. अजून तसेच पाहतो. शेजारी मुली नसतानाही.

म्हणून शिक्षक झाल्यावर आम्ही शोधून शोधून वाचले. हैदराबाद संस्थानाने १९१४ साली पुराणवस्तू खाते काढले. त्याचे प्रमुख गुलाम यझदानी. त्यांनी १९२० साली इटलीहून कारागीर आणवले, सेक्कोनी आणि ओर्सिनी, आणि दोन वर्षे त्यांच्याकडून सुटत चाललेला रंग भिंतीला पुन्हा धरवून घेतला. आधीच्या नकलाकारांनी चित्रे उजळ दिसावीत म्हणून फासलेले व्हार्निश पिवळे पडले होते, ते काढवले. मग यझदानींनी अजिंठ्यावर चार भागांचा ग्रंथ केला, १९३० पासून १९५५ पर्यंत. त्याच्याही आधी, १९०९ ते १९११ च्या दोन हिवाळ्यांत, लेडी हेरिंगहॅम नावाची इंग्रज चित्रकार बाई फर्दापूरला तंबू ठोकून राहिली. तिच्याबरोबर डोरोथी लार्चर ही आणखी एक बाई होती. कलकत्त्याचे नंदलाल बोस, असितकुमार हलदार होते. आणि हैदराबादचे दोन चित्रकार होते, सय्यद अहमद आणि मुहम्मद फजलुद्दीन. हे सय्यद अहमद पुढे लेण्यांचे क्युरेटर झाले.

ही नावे आम्ही वर्गात फळ्यावर लिहितो. पण एक कबूल करतो. पहिली काही वर्षे ती नावे आम्ही दाखल्यासारखी वापरली. कोणी काही बोलण्याआधीच खिशातून काढून दाखवायची : हे पाहा, आमचा यझदानी, आमचा सय्यद अहमद. जणू काही त्या लोकांनी ती मेहनत आमच्या चारित्र्याचे प्रमाणपत्र तयार करायला घेतली होती. सय्यद अहमदला चित्र आवडले होते. एवढे पुरे व्हायला हवे होते.

कादंबरीकडे वळतो. एकशे चाळीस पाने झाली. गिलची पाने भराभर लिहून झाली. त्याच्याविषयी कागद आहेत, पत्रव्यवहार आहे, त्याने मागवलेल्या सामानाच्या गोष्टी आहेत. पारोकडे आलो की पेन थांबायचे. मग आम्ही तिला बोलायला लावले. भरपूर बोलायला लावले. पौर्णिमा, वाघूर नदी, पळसाची फुले, सगळे तिच्या तोंडी घातले.

२०१५ च्या उन्हाळ्यात धुळ्याला गेलो तेव्हा नानीला वाचून दाखवले. नानीला मराठी समजायचे, अहिराणी तर तिच्या घरचीच. पांझरेच्या अलीकडे आमचे घर, गच्चीवर बाज टाकलेली, लाइट गेलेली, आम्ही मोबाइलच्या उजेडात वाचतोय. पारो म्हणते, साहेब, तुमच्याशिवाय मला कोणी नाही. नानी उठून बसली.

"ये पारो ने तेरे कू बोली क्या?"

आम्ही म्हणालो, नानी, कादंबरी आहे, कल्पना करावी लागते.

"करो ना. हम मना किये क्या? पर साहब बुलाया तो ना बोल सकती थी क्या वो? ये किधर लिखी तू?"

नानीने शाळा पाहिली नव्हती. तिने जो प्रश्न विचारला तो सिनेमाने विचारला नव्हता, काव्याने विचारला नव्हता, आणि इतिहास विषय घेऊन बी.एड. झालेल्या तिच्या नातीनेही विचारला नव्हता. बारादरीतला साहेब. त्याच्या मागे कंपनी सरकार. शिकारीची बंदूक. आणि गावातली एक मुलगी. तिचा जीव जडला असेलही. माणसाचा जीव कुठे जडेल सांगता येत नाही. पण दगड कोणी कोरवला? साहेबाने. दगड जे बोलतो ते त्याच्या बाजूने बोलतो. त्याचे दुःख खरे आहे, ते दगडावर दिसते. तिचे काय होते ते दगडावर नाही.

त्या काळात आम्ही शब्दकोश जवळ घेऊन एक इंग्रजी कादंबरी वाचत होतो. कॅरन एसेक्स या बाईंची 'स्टीलिंग अथेना', २००८ सालची. विषय ग्रीसचा. अथेन्सच्या टेकडीवरच्या पार्थेनॉन मंदिरातली शिल्पे लॉर्ड एल्गिनने १८०१ पासून काढून विलायतेला नेली आणि १८१६ साली सरकारला पस्तीस हजार पौंडांना विकली. ग्रीस देश ती अजून परत मागतो आहे. कादंबरी मात्र एल्गिनच्या बायकोची आहे, मेरी निस्बेटची. तिच्या माहेरचा पैसा यात गेला. पेट्या जहाजावर घ्यायला कप्तानांना तिने गोड बोलून राजी केले. आणि १८०८ साली नवऱ्याने तिला घटस्फोट देऊन मोकळे केले. हे सारे कळते, कारण मेरी पत्रे लिहायची. आईला, सासूला. ती पत्रे छापून निघालेली आहेत. दोनशे वर्षांनी एक लेखिका ती पत्रे उघडते आणि मेरीच्या आवाजात लिहू शकते. त्यातही कल्पना असेल, पण पायाखाली जमीन आहे.

त्याच टेकडीवरचे आणखी एक आम्ही मुलींना चित्र दाखवून सांगतो. तिथे एका मंदिराचे छप्पर खांबांऐवजी सहा दगडी बायकांनी डोक्यावर तोललेले होते. एल्गिनच्या माणसांनी त्यातली एक नेली. ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये उभी आहे. उरलेल्या पाच जणी अथेन्सच्या नव्या संग्रहालयात ठेवल्या आहेत, आणि सहावीची जागा रिकामी ठेवली आहे. तिथले लोक सांगत, की राहिलेल्या बहिणी रात्री तिच्यासाठी रडतात. मुलींना ही गोष्ट फार आवडते. त्या लगेच विचारतात, अपने इधर से क्या ले गये? मग सांगावे लागते, की अजिंठ्याच्या भिंतीचे तुकडे खरवडून नेणारे खूप होऊन गेले. असा एक तुकडा १९२२ साली लंडनला लिलावात विकला गेला आणि आज अमेरिकेत बोस्टनच्या संग्रहालयात आहे. आणि गिलनंतर १८७२ पासून तेरा वर्षे मुंबईच्या कला शाळेच्या ग्रिफिथ्स साहेबाने आपल्या विद्यार्थ्यांकडून सुमारे तीनशे नकला करून घेतल्या, त्याही विलायतेला गेल्या, आणि १८८५ साली त्यांतल्या शंभरावर पुन्हा आगीत गेल्या. मुली 'हाय अल्ला' म्हणतात. ज्या उरल्या त्या लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडे आहेत. नक्कल कोणाची, हा भांडण्याजोगा प्रश्न आहे. चित्र आपले, हात आपल्या पोरांचे, कापड सरकारचे.

पण पारो कुठे आहे यात? ती कोणी नेली नाही. ती आहे तिथेच आहे.

आमच्या जळगावजवळ आसोद्यात बहिणाबाई चौधरी जन्मल्या. अक्षरओळख नव्हती. दळता-कांडता गायच्या. मुलाने, सोपानदेवांनी, ते लिहून घेतले. १९५१ साली बहिणाबाई गेल्या आणि पुढच्या वर्षी अत्र्यांच्या पुढाकाराने गाणी छापून आली. आज आमच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. वही सापडली म्हणून आपण त्यांना ओळखतो. लिहून घेणारा घरात नसता तर त्या खानदेशातल्या हजारो दळणाऱ्या बायांतल्या एक राहिल्या असत्या. पारोच्या घरात लिहिणारा एकच होता, आणि तो इंग्रजीत लिहायचा.

आणि धुळ्याच्या बसमध्ये बसलो की कंडक्टर ओरडतो, "एरंडोल, पारोळा, पारोळा!" झाशीच्या राणीचे माहेरचे तांबे घराणे त्या पारोळ्याचे. राणी १८५८ साली पडली, पारोनंतर दोन वर्षांनी. राणीवर कादंबऱ्या, नाटके, पुतळे. असायलाच हवेत. पण पारोळा आले की आम्ही खिडकीतून उगाच बाहेर पाहतो.

नानी २०१६ मध्ये गेली. कादंबरी आम्ही पेटीत ठेवली.

२०१८ च्या डिसेंबरात सहलीला गेलो ती नववीची तुकडी. त्यात एक मुलगी होती; तिचे नाव इथे शबनम ठेवतो. अब्बा हमाली करायचे, घरात पाच बहिणी. अभ्यासात मधली, पण प्रश्न विचारण्यात पहिली. सोळाव्या लेण्यात आम्ही मुलींना ते प्रसिद्ध चित्र दाखवले, इंग्रजांनी त्याला 'मरणारी राजकुमारी' असे नाव देऊन ठेवले आहे. बसल्या जागी ती कलंडली आहे, डोळे मिटत आलेले, एक दासी मागून सावरते आहे. खरे तर ती सुंदरी, बुद्धाच्या सावत्र भावाची, नंदाची बायको. नंदाला भगवान बुद्धांनी संघात घेतले. त्याने उतरवलेला मुकुट घेऊन माणूस दाराशी आला आहे आणि तो मुकुट पाहून ही कोसळली आहे. आम्ही एवढे सांगेपर्यंत पहारेकऱ्याने पुढे चला म्हटले.

"आपा, इसकू किसीने पूछा नई?" शबनम म्हणाली.

"काय?"

"के तेरा आदमी ले जाते, चलेगा क्या."

बौद्ध कथांत पुढे तीही संघात जाते, हे आम्ही तिला बसमध्ये सांगितले. तिने मान हलवली, पण तिचे समाधान झाले नाही.

परतताना वेळ होता म्हणून गाडी घाट चढवून गावात नेली. कबर दाखवली. ड्रायव्हर म्हणाला, ती कोळ्यांची पोर होती. चहावाल्याने सांगितले, छे, भिल्लांची. आमच्याबरोबरचे एक सहकारी म्हणाले, कबर आहे म्हणजे आपल्यातली असणार किंवा ख्रिस्ती तरी. तिघेही ठाम. आम्ही म्हणालो, कबरीवरून पुरणारा कोण ते कळते, पुरलेली कोण ते नाही कळत. जिवंतपणी तिला कोणी आपली म्हटले होते का, कोण जाणे. आता मात्र तिघांनाही हवी होती.

त्या रात्री पेटी उघडली आणि एकशे चाळीस पानांतून वीस मिनिटांचे उर्दू नाटक काढले. स्नेहसंमेलनासाठी. शबनमला पारो दिली. गिलचे काम दहावीची एक उंच मुलगी करणार होती, अब्बांची हॅट घालून. तालमी मधल्या सुट्टीत. तिसऱ्या दिवशी शबनम अडून बसली. पारो साहेबाला 'रॉबर्ट' म्हणून हाक मारते, ते तिला म्हणवेना.

"आपा, नाम कैसे लूँ? अम्मी तो अब्बा का नाम नई लेती. राशन की दुकान पे भी नई लेती, कार्ड दिखाती."

आम्ही वहीकडे पाहत राहिलो. हिवताप, कापडाची लांबी-रुंदी, लंडनच्या आगीचा महिना, सगळे पडताळून घेतले होते. बाई आपल्या माणसाला हाक कशी मारते, हे आमच्या स्वतःच्या घरातले होते, आणि ते आम्ही सिनेमातून उचलले होते. नानीने एवढ्या वर्षांत नानांचे नाव एकदाही उच्चारले नव्हते. आम्ही तिच्याजवळ बसून लिहीत होतो तेव्हासुद्धा.

"मग तूच सांग, काय म्हणेल?" आम्ही विचारले. तिने वही मागून घेतली, घरी नेली.

नाटक झाले नाही. संस्थेतल्या एका जबाबदार माणसाने आम्हाला बोलावून घेतले. कपाळाला आठी न घालता, चहा मागवून, सांगितले : गोऱ्या साहेबाबरोबर निकाहाशिवाय राहिलेली बाई, आपल्या मुलींनी स्टेजवर करायची? उद्या पालक दारात येतील. तुम्ही समजदार आहात. आम्ही समजदार होतो, हे खरेच होते. नोकरी वीस टक्के अनुदानावरची होती. आम्ही म्हणालो, ठीक आहे. त्याऐवजी स्वच्छतेवर एक नाटिका बसवली. शबनमने त्यात झाडू धरला. ती आमच्याशी त्याविषयी कधी काही बोलली नाही, आम्हीही तिला काही सांगितले नाही. चहा पिऊन बाहेर आलो तेव्हा निदान तिला तरी खरे कारण सांगायला हवे होते. ते राहून गेले.

दहावीनंतर तिचे लग्न झाले. धुळ्यात दिली. सहलीच्या फोटोत ती सोळाव्या लेण्याच्या दारात उभी आहे, हात पाठीमागे. तिला हे कोणी शिकवले, आम्ही विचारले नाही. कदाचित आमच्याकडे पाहूनच शिकली असेल.

लेडी हेरिंगहॅमची एक हकिकत आम्ही मुलींना सांगत नाही. अजिंठ्याहून परत गेल्यावर तिचे मन बिघडले. १९११ साली तिला मनोरुग्णालयात ठेवले आणि १९२९ साली मरेपर्यंत ती तशीच राहिली. तिच्या नकलांचे पुस्तक १९१५ साली निघाले तेव्हा ती आतच होती. कोणी म्हणते, लेण्यांचा शाप लागला. आमचा शापांवर विश्वास नाही. पण परक्या भिंतीवरच्या बायका उतरवून घेताना मनात काहीतरी टोचत असणार, एवढे आम्हाला आता समजते.

या वर्षी रमजाननंतर फोन आला. धुळ्याहून. आवाज ओळखू आला नाही, बोलण्याची पद्धत ओळखू आली.

"आपा, सतरा नंबर फॉर्म भरके बारावी देनी है. इतिहास लूँ क्या?"

मुलगी तीन वर्षांची झाली, नवरा गॅरेजमध्ये आहे, नाही म्हणत नाही, असे तिने एका दमात सांगितले. आम्ही म्हणालो, घे, इतिहास घे. मग थोडा वेळ काही नाही. मागे कुकरची शिट्टी वाजली.

"आपा, वो ड्रामे की कापी है क्या आपके पास?"

तिने ती संमेलनाच्या आधीच परत आणून दिली होती आणि आम्ही न उघडता पेटीत टाकली होती. त्या संध्याकाळी काढली. निळ्या पुठ्ठ्याची दोनशे पानी वही. 'रॉबर्ट' हा शब्द अकरा ठिकाणी होता. अकराही ठिकाणी पेन्सिलीने खोडलेला. दहा ठिकाणी त्याच्यावर बारीक अक्षरात लिहिले होते, 'सुनो'. शेवटच्या प्रवेशात पारो बाजेवर पडलेली आहे, साहेब उशाशी आहे, आणि मरताना ती त्याला हाक मारते असे आम्ही लिहिले होते. तिथेही नाव खोडले होते. त्याच्या जागी 'अम्मी' होते.

दुसऱ्या दिवशी शाळेजवळच्या दुकानातून वहीची झेरॉक्स काढली. झेरॉक्स आमच्याजवळ ठेवली, आणि मूळ वही प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून दुपारच्या धुळे गाडीच्या कंडक्टरजवळ दिली.